जुन्या पाळण्यावर चित्रपटाची कथा चढवताना

अलिबागपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावर रिसॉर्टांच्या आवारात आणि पर्यटनस्थळांच्या आजूबाजूला लहानमोठी मनोरंजन उद्याने आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांकडे तेच ठरलेले खेळ आढळतात: आकाशपाळणा, कोलंबस, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन आणि एखादे भूतघर. नवे यंत्र विकत घेणे परवडत नाही आणि जुने पाहून गिऱ्हाईक कंटाळलेले असते. अशा वेळी एखाद्या गाजलेल्या चित्रपटमालिकेची कथा त्याच यंत्रावर चढवावी, असा विचार मालकाच्या मनात येतो. हा विचार व्यवहार्य आहे. जगातील मोठमोठ्या उद्यानांनी तो अनेकदा अमलात आणला आहे. आपल्याकडे मात्र या कामाची सुरुवात बहुधा पेंटरला बोलावून होते, आणि पेंटर हा खरे तर या कामात सर्वांत शेवटी यायचा माणूस आहे.

आधी चाल, मग कथा

पहिले काम म्हणजे आपल्या यंत्राची चाल कागदावर उतरवणे. स्वतः पाळण्यात बसावे, दोन-तीन फेऱ्या घ्याव्यात आणि कोठे वेग वाढतो, कोठे पोटात गोळा येतो, कोठे अंधार होतो, कोठे गाडी क्षणभर थांबते, कोठे ती उलटी जाते, हे क्रमाने लिहून काढावे. यंत्र ही चाल बदलणार नाही, किंवा बदलायची झाल्यास तिचा खर्च नव्या पाळण्याच्या जवळ जाईल. म्हणून निवडलेल्या कथेत या प्रत्येक हालचालीला कारण सापडले पाहिजे.

याचे चांगले उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एपकॉट उद्यानात आहे. तेथील नॉर्वे विभागात १९८८ पासून ‘मेलस्ट्रॉम’ नावाची बोटीची सफर चालत होती. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी ती बंद झाली आणि पाण्याचा तोच पाट व तोच मार्ग वापरून ‘फ्रोझन’ या चित्रपटावर आधारलेली सफर २१ जून २०१६ रोजी सुरू झाली. जुन्या सफरीत एका वळणावर ट्रोल नावाचे राक्षस मंत्र टाकून बोट मागे लोटत असत. नव्या सफरीतही बोट मागे जाते, परंतु आता तिला एल्सा राणीची बर्फाची जादू लोटते. बोटीला मागे जायचेच होते. रचनाकारांनी तिला नवे कारण दिले, आणि प्रवाशाला ती हालचाल मूळ कथेतलीच वाटू लागली.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील डिस्ने उद्यानाच्या मनोऱ्याचे आहे. पछाडलेल्या हॉटेलची लिफ्ट तुटून खाली कोसळते, अशी त्याची पूर्वीची कथा होती. २ जानेवारी २०१७ रोजी तो बंद झाला आणि त्याच वर्षी २७ मे रोजी ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ या चित्रपटमालिकेच्या रूपात उघडला. पाच महिन्यांच्या आत हे साधले, कारण इमारत आणि लिफ्टची यंत्रणा मूळचीच ठेवली होती. इमारतीची दर्शनी बाजू, आतील दृश्ये, संगीत आणि लिफ्टच्या वर-खाली होण्याचा क्रम तेवढा नवा केला. भीतीच्या कथेतून धमाल पलायनाच्या कथेत जाताना पडण्याचा अनुभव तोच राहिला, फक्त त्याचा भाव पालटला.

उलट बाजूही पाहावी. फ्लोरिडातील ‘स्प्लॅश माउंटन’ ही घसरगुंडीची सफर जानेवारी २०२३ मध्ये बंद होऊन जून २०२४ मध्ये ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या २००९ च्या चित्रपटावर आधारून पुन्हा उघडली. जुन्या सफरीचा आधार असलेल्या १९४६ च्या चित्रपटातील कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर दीर्घकाळ टीका होत होती, त्यामुळे बदल योग्यच होता, आणि नवी पात्रे पाहण्यासारखी आहेत. तरीही माझ्या मते शेवटच्या मोठ्या घसरणीला पूर्वी जो ताण होता तो राहिला नाही. पूर्वी पाठलाग करणारा कोल्हा सशाला पकडून खाणार, त्या क्षणी बोट कोसळत असे. आता बेडकाएवढे लहान झालेले प्रवासी पुन्हा मोठे होतात म्हणून बोट कोसळते. संकटातून सुटण्यासाठी उडी मारावी लागणे आणि आनंदाच्या वाटेत उडी येणे यांत फरक आहे, आणि तो पोटाला बरोबर कळतो.

हे आपल्या यंत्रांना लावून पाहू. कोलंबस एकाच जागी पुढे-मागे झुलतो, कोठेही पोहोचत नाही; म्हणून प्रवासाची कथा त्याला शोभत नाही, वादळात अडकलेल्या जहाजाचा एकच प्रसंग शोभतो. ब्रेक डान्समध्ये प्रत्येक गाडी स्वतःभोवती गरगरते आणि दिशेचे भान सुटते; तेथे नायकाचा पराक्रम दाखवण्यापेक्षा चेटूक, नशा किंवा भोवरा यांचा प्रसंग घ्यावा. आकाशपाळणा संथ असतो आणि वरून समुद्र दिसतो, त्यामुळे त्याच्यावर मारामारीच्या चित्रपटाची कथा लादणे म्हणजे फुकट मिळालेला देखावा वाया घालवणे होय. चित्रपटमालिका कितीही लोकप्रिय असली तरी तिच्यात आपल्या चालीचा प्रसंग नसेल, तर ती सोडून द्यावी.

हक्क

जत्रेतल्या पाळण्यांवर नायकांची आणि कार्टूनमधील पात्रांची चित्रे सर्रास रंगवलेली दिसतात, म्हणून परवानगीची गरज नाही असा समज पसरला आहे. फिरत्या पाळण्याकडे हक्कधारकाचे लक्ष जात नसेल, पण एका जागी कायम असलेल्या, तिकीट लावणाऱ्या आणि समाजमाध्यमांवर जाहिरात करणाऱ्या उद्यानाकडे ते जाते. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे, आणि त्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. पटकथा, गीते आणि संगीत यांचे हक्क निराळे असून ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात. त्यामुळे चित्रपट जुना आहे म्हणून त्यातील गाणेही मोकळे झाले, असे समजू नये.

करार लेखी करावा आणि त्यात मुदत, प्रदेश, कोणती पात्रे, कोणते यंत्र, तसेच विक्रीच्या वस्तूंना परवानगी आहे की नाही, हे स्पष्ट लिहावे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर संपूर्ण भारत मानतो. पाच वर्षे ही मुदत लहान आहे. रंगकाम आणि साचे यांचा खर्च तेवढ्यात वसूल होईल का, याचा हिशेब आधीच करावा. निर्मात्याकडून परवाना मिळाला म्हणजे नटाचा चेहरा आपोआप मिळाला, असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचे नाव, प्रतिमा आणि आवाज यांच्या विनापरवाना व्यापारी वापराला अंतरिम मनाई केली. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात ज्या ‘मिस्टर इंडिया’वर सफर उभारलेली आहे, त्या चित्रपटाचे तेच नायक आहेत. पार्श्वसंगीत म्हणून ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची असतील, तर आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) आणि पीपीएल (ध्वनिमुद्रणाच्या हक्कांची संस्था) यांच्याकडे वेगळी चौकशी करावी लागते.

कोकणातील भूतघराच्या मालकाला या बाबतीत एक सोय आहे. २०२४ मध्ये आलेला ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट कोकणात घडतो आणि ‘स्त्री’ व ‘भेडिया’ यांच्या मालिकेतलाच आहे. त्या चित्रपटातील मुंज्याचे विशिष्ट रूप, आवाज आणि संवाद निर्मात्याच्या मालकीचे आहेत. पिंपळावरचा मुंजा मात्र कोणाच्याही मालकीचा नाही. तो आपल्या आज्यांनी सांगितलेला आहे. परवाना परवडत नसेल तर पिंपळ, पार, तिन्हीसांज आणि मुंजा घेऊन स्वतंत्र रूप बनवता येते, फक्त ते चित्रपटातील रूपासारखे दिसू नये आणि जाहिरातीत चित्रपटाचे नाव येऊ नये. ‘झपाटलेला’ या १९९३ च्या मराठी चित्रपटातील तात्या विंचूच्या बाबतीत ही पळवाट नाही. गुंडाचा आत्मा शिरलेली ती विशिष्ट बाहुली, तिचे रूप आणि ते नाव हे सगळे चित्रपटाचेच आहे, त्यामुळे तेथे परवान्यावाचून हात लावू नये. परवाना मिळाला, तर मात्र भूतघरासाठी त्याहून चांगले पात्र मराठीत नाही, कारण बाहुली मुळातच लहान, अचानक हलणारी आणि अंधारात शोभणारी वस्तू आहे.

वजन, वारा आणि हाताचा फेरा

यंत्राच्या उत्पादकाला किंवा अनुभवी संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय हलत्या भागावर काहीही बसवू नये. कोलंबसचेच उदाहरण घेऊ. होडीच्या एका टोकाला फायबरचा भव्य मगरमुखवटा बसवला, तर चित्र उत्तम दिसते. परंतु टोक हा आसापासून सर्वांत दूरचा भाग असल्याने प्रत्येक झोक्याला मुखवट्याच्या जोडांवर सर्वांत मोठा हिसका तेथेच बसतो. शिवाय एका बाजूचे वजन वाढल्याने थांबलेली होडी किंचित कलती राहते, आणि चढण्याचा ओटा व होडीची कड यांत एका टोकाला फट पडते. लहान मुलाचा पाय अडकतो तो अशाच फटीत. दोन्ही टोकांना सारख्या वजनाची शिल्पे बसवावीत. एका टोकाला मुख हवे असेल तर दुसऱ्या टोकाला त्याच वजनाची शेपटी द्यावी. एकूण वजन वाढले की ब्रेकला होडी थांबवायला अधिक वेळ लागतो, तोही मोजून नव्याने लिहावा.

दुसरी बाब वाऱ्याची. पत्र्याचे किंवा फायबरचे सपाट फलक म्हणजे वाऱ्याला दिलेले शीड. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले. दोन्ही वेळा नेमका सुट्टीचा हंगाम किंवा त्याचा शेवट होता. म्हणून आकाशपाळण्याच्या चाकावर मोठे फलक शक्यतो लावूच नयेत. लावलेच तर वादळाची सूचना आल्यावर दोन माणसांना तासाभरात उतरवता येतील असे जोड ठेवावेत. वाऱ्याच्या भाराचा हिशेब आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागानुसार आणि पाळण्यांच्या सुरक्षिततेचा विचार आयएस १५४७५ या मानकानुसार करून घ्यावा.

तिसरी बाब हाताच्या फेऱ्याची. प्रवासी हात बाहेर काढतात, उभे राहू पाहतात, मोबाइल पुढे धरतात. नवीन दृश्ये बसवण्यापूर्वी गाडीवर लांब हातांच्या मापाची हलकी चौकट बांधून ती संपूर्ण मार्गावर संथपणे फिरवावी. चौकट जेथे घासेल तेथे दृश्य मागे सरकवावे, मग चित्रकाराने कितीही नाक मुरडले तरी.

खारी हवा आणि पावसाळ्याचे वेळापत्रक

किनाऱ्यावरचे खरे कठीण काम हे आहे, आणि मुंबई-पुण्याहून येणारे सजावटकार ते नेहमी कमी लेखतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर साधे लोखंड एका पावसात फुगते. दृश्यांच्या चौकटींना गरम बुडवून केलेले गॅल्व्हनायझिंग हवे, तर स्क्रू आणि बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. ३०४ प्रतीवर येथे तांबूस डाग लवकर पडतात. स्टेनलेसचा बोल्ट आणि गॅल्व्हनाइझ केलेली पट्टी एकमेकांना भिडतात तेथे नायलॉनचा वॉशर घालावा, अन्यथा बोल्टाच्या आसपास पट्टीचा जस्ताचा थर आधी खाल्ला जातो.

सजावटीने सर्वांत मोठे नुकसान होते ते झाकण्यामुळे. पूर्वी उघडा असलेला जोड रोज सकाळी फिटरच्या नजरेस पडत असे. आता त्याच्यावर ड्रॅगनचा पंख आला. पंखाच्या आत खारे पाणी साचते, बाहेरून रंग झकास दिसतो आणि आतला वेल्ड गंजत राहतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या जोडासमोर हाताने उघडणारी झडप ठेवावी आणि आवरणाच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघायला भोक पाडावे. झडप उघडायला पाना लागत असेल, तर ती काही दिवसांतच उघडली जाईनाशी होते.

पावसाळ्यात उद्यान बंद असते, तेव्हा त्या चार महिन्यांत सगळे काम उरकू, असे अनेकांचे नियोजन असते. हे नियोजन अर्धेच बरोबर आहे. लोखंडावर रंग देताना हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या खाली आणि पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूहून किमान ३ अंश सेल्सिअस वर असावे लागते. कोकणात जून ते सप्टेंबर ही अट उघड्यावर क्वचितच पुरी होते, आणि ओल धरलेल्या पृष्ठभागावर दिलेला रंग मे महिन्यात पापुद्रे सोडतो. म्हणून कामाची विभागणी अशी करावी: मोजमाप, अभियंत्याचा अहवाल आणि करार डिसेंबरपर्यंत आटोपावेत, लोखंडी चौकटी आणि त्यांचे रंगकाम फेब्रुवारी-मार्चमध्ये कारखान्यात करून ठेवावे, मेचा हंगाम जुन्याच रूपात घ्यावा, जून लागताच जुनी सजावट उतरवून वेल्डिंगच्या जोडांची डाय-पेनिट्रंट (रंगीत द्रवाने बारीक भेगा दाखवणारी) तपासणी करून घ्यावी, कारण सांगाडा इतका उघडा पुन्हा बराच काळ दिसणार नाही. पावसाळ्यात छपराखाली होणारी कामे करावीत, म्हणजे ध्वनी, वायरिंग, नियंत्रणाचा प्रोग्रॅम आणि संवादांचे मुद्रण. उभारणी नारळी पौर्णिमेनंतर पावसाचा जोर ओसरल्यावर सुरू करावी आणि उद्घाटन दिवाळीच्या सुट्टीला धरावे. गणपतीत उघडण्याचा मोह होतो, पण त्या दिवसांत चाकरमानी गावी येतात ते घरच्या गणपतीसाठी, आणि कामगारही त्यांतलेच असतात.

उंची किंवा बांधकामाचे क्षेत्र वाढत असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी सीआरझेडची (सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची) बाजू तपासावी. २०१९ च्या अधिसूचनेनुसार किनाऱ्याच्या वर्गवारीप्रमाणे मर्यादा बदलतात, आणि जुन्या पाळण्याला असलेली परवानगी नव्या दर्शनी मनोऱ्याला लागू होईलच असे नाही.

भूतघराची आग

भूतघर हे रूपांतरासाठी सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचे. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सीच्या एका उद्यानातील भूतवाड्याला आग लागून आठ तरुण मृत्युमुखी पडले. आतील फोमने पेट घेतला आणि अंधारात वाट सापडली नाही. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनला लागलेल्या भीषण आगीचे कारण वेल्डिंगच्या ठिणग्या हे होते, आणि ते काम लोक आत असताना चालू होते. यावरून दोन नियम घ्यावेत, आणि त्यांत तडजोड करू नये: उद्यान उघडे असताना त्या इमारतीत वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करायचे नाही, आणि थर्मोकोल, फोम, साधे कापड आत न्यायचे नाही. आपल्याकडे झावळ्या, सुतळ, पेंढा आणि जुनी जाळी सहज मिळतात, कोकणी घराचे दृश्य त्यांनी हुबेहूब सजते, आणि नेमके तेच सगळे क्षणात पेटते. झावळ्यांचे छप्पर हवेच असेल तर ते फायबरमध्ये साच्यातून काढावे आणि अग्निरोधक राळ वापरल्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. बाहेर पडण्याच्या दारांवरचे दिवे वेगळ्या बॅटरीवर चालावेत आणि आगीची सूचना मिळताच आवाज, धूर व फिरते दिवे आपोआप बंद होऊन पांढरे दिवे लागावेत.

आवाज आणि माणसे

पात्रांचे संवाद कोणत्या भाषेत हवेत, हे हक्कधारकाच्या संमतीनेच ठरते, परंतु ती संमती मागून पाहावी. सिंधुदुर्गातील दशावतारी नटांना माइकवाचून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय असते, आणि मालवणी बोलीतला दम भूतघरात वेगळाच परिणाम करतो. रांगेत उभ्या माणसाला कथेची पूर्वपीठिका तेथेच कळली पाहिजे, कारण पाळण्यात बसल्यावर कोणी ऐकत नाही. ती पूर्वपीठिका लांबवू नये. उन्हात उभ्या कुटुंबाला चित्रपटाची पूर्ण कथा नको असते.

एक सूचना मात्र पात्राच्या आवाजात कधीही देऊ नये, ती म्हणजे थांबण्याची, उतरण्याची किंवा धोक्याची. ती ऑपरेटरने साध्या मराठीत द्यावी, म्हणजे लोकांना तो खेळाचाच भाग वाटणार नाही. ऑपरेटरला नव्या वेशभूषेत उभे करायचे असेल, तर त्याच्या हातमोज्यांनी आणि मुखवट्याने आणीबाणीचे बटण दाबायला किंवा पाहायला अडचण होत नाही ना, हे करून पाहावे.

चाचणी, आणि करार संपल्यावर

सजावट पूर्ण झाल्यावर आधी रिकाम्या गाड्या, मग वाळूच्या पोत्यांनी पूर्ण भरलेल्या, मग एका बाजूला भरलेल्या अशा फेऱ्या घ्याव्यात आणि थांबण्याचे अंतर दर वेळी नोंदवावे. मध्येच वीज घालवून लोकांना उतरवण्याचा सराव भरदिवसा एकदा आणि अंधारात एकदा करावा. बदललेल्या यंत्राचा अभियंत्याचा दाखला जोडून करमणुकीच्या परवान्याबाबत आणि विम्याबाबत संबंधितांना लेखी कळवावे. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी महाग पडतो.

करारातच एक कलम असे घालावे की मुदत संपल्यावर पात्रांची ओळख पटवणारे भाग किती दिवसांत उतरवायचे आणि फायबरचे साचे कोणाकडे राहायचे. त्याच हिशेबाने सजावट दोन थरांत बनवावी: खडक, लाटा, गलबताची फळी, झाडे हा खालचा थर आपला आणि कायमचा, मुखवटे, बोधचिन्हे, पात्रे आणि नामफलक हा वरचा थर बोल्टांवर बसवलेला आणि काढता येणारा. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड आपल्या १९६९ च्या भूतवाड्यावर २००१ पासून जवळजवळ दर वर्षी काही महिन्यांपुरता एका चित्रपटाचा साज चढवते आणि पुन्हा उतरवते, ते याच पद्धतीमुळे शक्य होते. वरच्या थराचा प्रत्येक भाग उतरवताना कोठल्या बोल्टाचा होता, हे त्याच्या पाठीवर रंगाने क्रमांक घालून आताच लिहून ठेवावे.